डाव्या पोटरीचं माप

बाबांची पोटरी मोजायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी अकरा वर्षांची होते. खरं म्हणजे ते काम आईचं. माणसांची मापं घेणं हा तिचा धंदाच. घराच्या खालच्या मजल्यावर तिचं शिवणाचं दुकान होतं आणि गल्लीतल्या निम्म्या लोकांच्या कमरा तिला तोंडपाठ होत्या. पण त्या पायाला ती हात लावत नव्हती.

बाबा पगारी फुटबॉलपटू होते, डाव्या बाजूचे बचावपटू. चौदा वर्षं एकाच क्लबात. समोरून येणाऱ्या आघाडीच्या खेळाडूला एकदा धरलं की नव्वद मिनिटं सोडायचे नाहीत, म्हणून संघात त्यांना 'कुलूप' म्हणत. मोसमाच्या सुरुवातीलाच एका सामन्यात, ओल्या गवतावर, दोघं एकाच चेंडूसाठी घसरले आणि समोरच्याचा बूट बाबांच्या डाव्या नडगीच्या मध्यावर आला. दोन्ही हाडं मोडली. आवाज मागच्या बाकांपर्यंत ऐकू गेला, असं लोक सांगायचे. मी शाळेत होते. आई दुकानात होती. फोन आला तेव्हा तिच्या हातात कात्री होती. फोन खाली ठेवून तिने आधी ते कापड पुरं कापलं, घडी घातली, आणि मग चपला शोधायला लागली. चपला तिच्या पायातच होत्या.

हाडात सळई बसवली, वरून प्लास्टर घातलं. प्लास्टर निघालं त्या दिवशी मी तिथे होते. पोटरी म्हणून काही उरलंच नव्हतं. कातडी सैल, भुरकट, आणि तिच्याखाली नडगी सरळ काठीसारखी दिसत होती. उजवी पोटरी अडतीस सेंटिमीटर, डावी तेहतीस.

क्लबाचे डॉक्टर बुटके, मऊ आवाजाचे. ते म्हणाले, "दोन्हींत एक सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेतो मी मैदानावर सोडणार नाही. सळई हाड धरून ठेवते, पण धक्का झेलतो तो स्नायू. स्नायू नसताना तिथेच परत मार बसला, तर खेळायचं राहू दे, नीट चालाल याचीही खात्री मी देणार नाही."

"आणि मोसम संपायच्या आत मैदानावर दिसलो नाही, तर क्लब करार वाढवणार नाही," बाबा म्हणाले. ते तेहतीस वर्षांचे होते. त्या वयाच्या बचावपटूला, त्यातून सळई घातलेल्या, दुसरा क्लब दारात उभा करत नाही.

"ते माझ्या हातात नाही," डॉक्टर म्हणाले. "पोटरी तुमच्या हातात आहे."

क्लबात पाय चोळायला एकच माणूस, मालिशकाका, आणि त्यांच्या वाट्याला सव्वीस जणांचे बावन्न पाय. म्हणून रोजचं माप घरी घ्यायचं ठरलं. डॉक्टरांनी मला दाखवून दिलं: गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या कडेपासून दहा सेंटिमीटर खाली पेनने रेघ मारायची, त्या रेघेवर टेप गुंडाळायची, कातडीला चिकटेल इतकी, पण रुतेल इतकी नाही. मग आकडा तक्त्यावर लिहायचा. उजवा निळ्या पेनने, डावा लाल पेनने.

"जमेल ना?" त्यांनी विचारलं.

"टेलरची मुलगी आहे ती," बाबा म्हणाले. "तुमचंही माप घेऊन मोकळी होईल."

तेव्हापासून ते मला 'मास्तर' म्हणायला लागले. रोज संध्याकाळी व्यायाम झाला की पलंगावरून हाक यायची, "मास्तर, गिऱ्हाईक आलंय!"

पहिले दोन महिने आकडे खरे होते. तेहतीस दोन. तेहतीस पाच. मग आठ दिवस तेहतीस सात, जागचा हलेना. बाबा दिवसातून तीनदा पायऱ्यांच्या कडेला उभे राहून टाचा वर-खाली करायचे, शंभर-शंभर वेळा. घाम जमिनीवर टपटपायचा. संध्याकाळी मी आकडा सांगितला की ते "बरं" म्हणायचे, आणि जेवताना फक्त ताटाकडे बघायचे. आई मला डोळ्यांनी विचारायची, मी नकारार्थी मान हलवायची. आमच्या घरात त्या दिवसांत बरं-वाईट सगळं त्या मानेवर ठरत होतं.

एका संध्याकाळी पाय सुजलेला होता. सळईच्या खालच्या स्क्रूपाशी टेप आवळली तसे ते कळवळले. मी घाबरून टेपखाली माझं बोट सरकवलं. दुकानात मी असंच करायची. आईनेच शिकवलं होतं: "टेपच्या आत एक बोट राहू दे. माणूस श्वास घेतो, जेवतो, खाली बसतो. मढ्याचं माप घेतल्यासारखं घेऊ नकोस." हात सवयीने वागला. आकडा निघाला पस्तीस.

"काय? परत बघ."

मी परत बघितलं. बोट आतच होतं. "पस्तीस."

"अगं ए!" त्यांनी आईला हाक मारली. "ऐकलंस का? एका दिवसात सव्वा सेंटिमीटर! डॉक्टरला म्हणावं, त्या कुबड्या आता भंगारात घाल."

"सूज असेल," आई आतून म्हणाली. पण ती हसत होती, हे आवाजावरून कळलं. त्या संध्याकाळी बाबांनी दोनदा वाढून घेतलं आणि लांब्याची नक्कल केली. लांब्या म्हणजे त्यांचा गोलरक्षक. पेनल्टीच्या वेळी तो देवाशी कसा भांडतो, ते बाबा हुबेहूब करून दाखवत. आई डोळ्यांतलं पाणी पुसेपर्यंत हसली.

माझ्या लक्षात आलं ते दुसऱ्या दिवशी दुकानात, एका बाईच्या मनगटाचं माप घेताना. माझं बोट टेपखाली होतं आणि मी त्याच्याकडे बघत उभी राहिले.

त्या संध्याकाळी मी टेप नीट आवळली. तेहतीस आठ. वर बघितलं तर बाबा आधीच हसत होते.

"पस्तीस एक," मी म्हणाले.

यापुढे चूक म्हणता येणार नाही. रोज तोच आकडा सांगून चालेना. पोटरी वाढतेय म्हटल्यावर ती वाढायलाच हवी. मी कधी एक बोट घालायची, कधी दोन. पोटरी खरोखरही वाढत होती, हळूहळू, आणि मी खरा आकडा मनात ठेवून वरचा लिहीत होते. तक्त्यावरचा लाल आकडा निळ्याकडे चढत चालला. दर पंधरा दिवसांनी डॉक्टर तक्ता बघायचे. सुरुवातीला त्यांनी दोनदा स्वतः मापलं होतं, आणि दोन्ही वेळा माझा आकडा तंतोतंत निघाला होता. त्यानंतर ते म्हणायचे, "टेलरच्या घरचं माप, मी कशाला परत घेऊ?" पाय दाबून बघायचे, एका पायावर उड्या मारायला लावायचे, आणि तक्त्याखाली सही करायचे.

शाळेच्या पुस्तकात हाडांचा एक धडा होता. तो मी इतक्यांदा वाचला की पान सुटून आलं. एकदा क्लबात मी मालिशकाकांना विचारलं, "काका, सळई असलेलं हाड परत मोडलं तर काय होतं?"

"सळई वाकते," ते कोणाची तरी मांडी चोळत म्हणाले. "मोडलेलं हाड सांधता येतं. वाकलेली सळई आतून ओढून काढायची म्हणजे…" मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "नसत्या चौकशा कशाला गं तुला? जा, त्या बाटल्या भर."

मी बाटल्या भरल्या.

मोसमाचे तीन सामने उरले होते. शुक्रवारी तक्त्यावर सदतीस एक लिहिलेलं होतं, उजवीकडे अडतीस. डॉक्टरांनी सही केली. "रविवारी खेळा," ते म्हणाले. "पण सत्तर मिनिटं. त्यापुढे एक मिनिट नाही."

बाबांनी मला खांद्यावर उचललं. अकरा वर्षांची घोडी, आणि सगळा भार त्या दोन पायांवर. "उतरवा मला," मी ओरडले. "बाबा, उतरवा!" त्यांना वाटलं, मी लाजतेय.

खरा आकडा पस्तीस चार होता.

शनिवारी दुपारी मी दुकानात गेले. आई मशीनवर होती, एकटीच.

"आई, बाबांच्या पोटरीचं माप खोटं आहे."

मशीन थांबलं. तिने मान वर केली नाही. "किती?"

"पावणेदोन. मी बोट घालत होते. आधी चुकून."

"आणि मग?"

"मग ते हसले."

आई गळ्यातली टेप सारखी करत उठली आणि जिना चढून वर गेली. मी मागोमाग. बाबा पलंगावर आडवे होते, तोंडावर वर्तमानपत्र.

"पाय सरळ करा," आई म्हणाली.

त्यांनी पेपर बाजूला केला. "आज साक्षात मालकीण? मास्तरला सुट्टी का?"

"विजार शिवायचीय तुमची."

"पोटरीला कसली विजार?"

"गप्प पडा हो जरा."

आठ महिन्यांत तिने पहिल्यांदा तो पाय हातात घेतला. व्रणावरून अंगठा एकदाच फिरवला. रेघेवर टेप लावली, आवळली, बघितलं, सोडली. मग उजव्या पायाचं घेतलं. बाबा तिच्याकडे बघत होते, थट्टा विसरून. "झालं," ती म्हणाली आणि खाली उतरली.

दुकानात आल्यावर ती मशीनवर बसली नाही. उभीच राहिली, टेप बोटांभोवती गुंडाळत.

"सांगूया ना त्यांना?" मी म्हणाले.

"सांगितलं तर उद्या खेळणार नाहीत असं वाटतं तुला?"

मी नकारार्थी मान हलवली.

"खेळणारच. फक्त मग पायाकडे बघत खेळतील. चेंडूवर जायच्या आधी पाव सेकंद विचार करतील. तो पाव सेकंद हाड मोडतो. हे त्यांनीच मला सांगितलंय, लग्नाच्या वर्षी." तिने टेप सोडली, परत गुंडाळायला घेतली. "डॉक्टरांनी उड्या मारायला लावल्या, त्या तर खऱ्याच होत्या ना? पळवलं, तेही खरं."

"पण सळई वाकली तर?"

"तू जा, अभ्यास कर."

"आई."

"हे बघ. तू मला सांगितलंस, तुझं काम झालं. आता हे तुझं नाही, माझं आहे. काही झालं तर ते मी केलं असं समजायचं. कळलं?"

मी हो म्हणाले. पण वाटणी झाली नाही. तिचंही झालं आणि माझंही राहिलं.

आई कधी सामन्याला गेली नव्हती. त्या रविवारी तिने दुकान बंद ठेवलं. खेळाडूंच्या घरच्यांसाठी राखलेल्या बाकांवर आम्ही दोघी बसलो. तिने पिशवी मांडीवर घट्ट धरली होती, जशी काही कोणी हिसकावून नेणार आहे.

"तुमचं कुलूप आज उघडणार वाटतं," मागून कोणी तरी म्हणालं. "गंज चढलाय."

"तेल पाजलंय की आठ महिने," दुसरा म्हणाला. लोक हसले. आई वळली नाही.

बाबा बाहेर आले तेव्हा टाळ्या झाल्या असाव्यात. मला फक्त डावा मोजा दिसला. मोज्याखाली नडगीचं कवच, त्याखाली कातडी, त्याखाली पस्तीस चार. सामना सुरू झाला. चेंडू कुठे होता, सांगता येणार नाही. डावा पाय टेकतो, उचलतो, टेकतो. वळताना टाच जरा उशिरा फिरते का? थांबताना भार उजव्यावर टाकतात का? त्यांच्या बाजूला एक चपळ, केस बांधलेला खेळाडू होता आणि तो सारखा तिथूनच घुसायला बघत होता. त्यालाही माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत होतं, कुठला पाय.

मध्यंतराला आईने पाण्याची बाटली उघडली आणि न पिता बंद केली.

एकसष्टाव्या मिनिटाला तो केसवाला सुटला. बाबा मागे, मग शेजारी, मग दोघं एकदमच खाली. बाबांनी डावा पाय लांब टाकला होता. आवाज आला. धप्पकन, चामड्यावर चामडं. आईने माझं मनगट धरलं. दोघं गवतावर पडले होते आणि कोणीच उठत नव्हतं. पंचाने शिट्टी वाजवली. मालिशकाका पेटी घेऊन धावले. मी मोजायला लागले. काय मोजत होते ते माहीत नाही, नुसते आकडे. एकोणीसला केसवाला उठला. तेवीसला बाबा गुडघ्यावर आले. सव्वीसला उभे राहिले, डावा पाय दोनदा जमिनीवर आपटून बघितला, आणि मालिशकाकांच्या पाठीवर थाप मारून त्यांना परत पाठवलं.

आईने माझं मनगट सोडलं नाही. सत्तराव्या मिनिटाला त्यांना बदललं, ते लंगडत नव्हते, तरी सोडलं नाही. घरी येईतो चार बोटांचे वळ तिथेच होते.

संध्याकाळी हाक आली. "मास्तर! आज लोखंडाचं गिऱ्हाईक!"

मी टेप घेऊन गेले. आई दारात येऊन उभी राहिली. मी रेघेवर टेप लावली. बोट बाहेर ठेवलं.

"पस्तीस तीन," मी म्हणाले.

ते हसले. "मैदानात गळालं की काय?" मग हसू थांबलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं. आई नजर चुकवत नव्हती.

"किती दिवस?"

"सूज होती त्या दिवसापासून."

खूप वेळ ते पायाकडे बघत राहिले. मी मार खायला तयार होते. त्यांनी मला कधी मारलं नव्हतं, पण मी तयार होते. शेवटी त्यांनी टेपचं टोक हातात घेतलं.

"टेप सैल आहे की घट्ट, ते पायाला कळतं गं," ते म्हणाले. "मला वाटलं, विचारलं तर तू खरं सांगशील. म्हणून विचारलंच नाही."

मी रडायला लागले. आई आत आली, पलंगाच्या कडेला बसली आणि म्हणाली, "आता पुढचं ठरवा. डॉक्टरला सांगायचं आहे का?"

"दोन सामने राहिलेत."

"म्हणजे नाही."

"म्हणजे नाही."

ती उठली. त्या आठवड्यात तिने डाव्या मोज्याला आतून कापसाचं पातळ अस्तर शिवलं, पोटरीपाशी, म्हणजे लांबून बघणाऱ्याला दोन्ही पाय सारखे दिसावेत. शिवण इतकी बारीक की मोजा उलटा केला तरी दिसायची नाही. क्लबाने करार वाढवला. बाबा आणखी तीन मोसम खेळले. डावी पोटरी कधीच छत्तीसच्या वर गेली नाही. नडगी परत कधी मोडली नाही.

आई परत कधी सामन्याला आली नाही. मी एकही चुकवला नाही. मी नसताना काही झालं तर, या भीतीने ताप असतानाही गेले. तीन मोसम मी त्या बाकांवर बसून डावा पाय बघितला. चौदा वर्षांची झाले तेव्हा त्यांनी बूट टांगले. त्या दिवशी लोक रडत होते आणि मला इतकं हलकं वाटलं की लाज वाटली.

बाबा जाऊन आता सात आठवडे झाले. फुप्फुसं गेली, पाय शेवटपर्यंत ठीक होता. आई माझ्याकडेच असते. लोक भेटायला येतात, अजून येतात.

परवा लांब्याकाका आले. सत्तरीला टेकलेत, दारातून वाकून आत यावं लागतं. आईजवळ बसून त्यांनी इकडच्या तिकडच्या गप्पा केल्या, चहा घेतला, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काय खेळायचा गं तुझा बाप. तुला मी काय सांगणार? तू तर प्रत्येक सामन्याला पहिल्या बाकावर. आम्ही म्हणायचो, कुलपाची किल्ली आली बघा."

मी हसले.

"तो शेवटच्या मोसमातला सामना, आठवतो ना? लांबून डोकं घालून थेट माझ्या हातात चेंडू दिला तो? अख्खं मैदान श्वास रोखून."

आईने माझ्याकडे बघितलं. मी हो म्हणू शकले असते. आजवर सगळ्यांना म्हणत आले.

"नाही आठवत, काका," मी म्हणाले. "मला त्यांचा खेळ आठवत नाही. मी बघितलाच नाही."

"असं कसं? तू तिथेच तर असायचीस."

"मी पाय बघत होते."

त्यांना काही कळलं नसावं. ते आईकडे बघायला लागले. आईने खाली मान घातली होती. पदराचं टोक ती बोटाभोवती गुंडाळत होती, सोडत होती.

"मग सांगा ना," मी म्हणाले. "कसे खेळायचे?"

लांब्याकाकांनी कप खाली ठेवला. थोडा वेळ गुडघे चोळले. मग गुडघ्यांवर हात टेकून, कण्हत, उभे राहिले आणि समोरचं टेबल भिंतीकडे सरकवलं.

"हे दार म्हणजे माझा गोल," ते म्हणाले. "वहिनी, तुम्ही जरा तिकडे सरका, तिथून समोरचा संघ येणार. आणि ही खुर्ची म्हणजे तो. नाही, इथे नको. तो कधी इथे उभा राहायचा नाही." त्यांनी खुर्ची ओढून खिडकीपाशी नेली, मागे सरून बघितली, आणि परत थोडी पुढे घेतली. "हां. इथे. आता बघ."